कुरुंदा ते हिंगोली, तीन काट्यांच्या भरवशावर

मी पुण्यात घड्याळं दुरुस्त करतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण या प्रवासात जो घोळ झाला त्यात माझ्या धंद्याचा वाटा मोठा आहे.

दाजींचं (तिकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात) पत्र आलं आणि मी हत्यारांची पिशवी उचलून निघालो. पत्रात दोनच गोष्टी होत्या. अक्काला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. मोतीबिंदू पिकला होता. आणि वऱ्हाडातले एक डोळ्यांचे डॉक्टर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यात येणार होते. बारा वाजेपर्यंत जे रोगी हजर राहतील त्यांचीच ऑपरेशनं, पुढची खेप वर्षानं. खाली शाईचा डाग पाडून दाजींनी लिहिलं होतं, 'मोटार हाय, पण तिच्यातली घड्याळं बिघडलीत. तुमीच या.'

निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायानं माझी पिशवी उलटीसुलटी केली. इतके बारीक पेचकस कशाला, असं त्यानं तीनदा विचारलं. "बहिणीच्या डोळ्यांसाठी," असं मी म्हणालो तेव्हा तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी भराभर पिशवी आवरली.

कुरुंद्याला पोचलो तेव्हा अक्का भिंत चाचपत ओसरीवर आली. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलास रे दामू." पंचवीस वर्षांपूर्वी सुईत दोरा ओवून देताना मला आंधळा म्हणून चिडवणारी ही माझी बहीण. काहीही झालं तरी हिला बाराच्या आत हिंगोलीला पोचवायचंच, असं मी त्याच क्षणी ठरवलं.

मोटार म्हणजे हैदराबादच्या कुणा जहागीरदारानं वापरून सोडलेलं धूड. चालकापुढच्या फळीवर तीन तबकड्या होत्या. पहिली पेट्रोलची, तिचा काटा कायम 'भरलेली' दाखवायचा. दुसरी विजेची, काटा मधल्या शून्याच्या उजवीकडे असला की बॅटरीत वीज भरतेय, डावीकडे गेला की नुसतीच खर्च होतेय. तिसरी इंजिनातल्या पाण्याच्या उष्णतेची. पेट्रोलच्या तबकडीवर मी दोन दिवस घालवले. उघडली, पुसली, तेलाचा थेंब दिला, परत बसवली. काटा जागचा हलला नाही. दाजी ज्वारीच्या धाटाची लांब काडी टाकीत बुडवून पेट्रोल मोजत आणि माझ्याकडे न बघता म्हणत, "काडी बरी बाप्पा. काडी खोटं बोलत न्हाई."

सटवाजीबापू (हे घरचे जुने सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे) रोज येऊन मोटार न्याहाळत. त्यांना ती बैलांतलीच एक वाटे. "हिचा खांदा कंचा, मालक?" त्यांनी एकदा विचारलं. दाजींनी मोठ्या ऐटीत झाकण उघडलं आणि इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा जाड पट्टा दाखवला. पंखा, डायनामो आणि पाण्याचा पंप, तिन्ही त्याच एका पट्ट्यावर फिरतात. "ह्योच. सगळा भार ह्याच्यावर." बापूंनी मान डोलावली. तेव्हा मी भिंग डोळ्याला लावून तबकडीत डोकं घालून बसलो होतो.

हिंगोली तशी तीसेक मैलांवर. रेल्वेनं गेलं तर दुपार टळणार. बैलगाडीनं जायचं तर आदल्या दिवशी निघायला हवं, आणि तो दिवस पोळ्याचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मोटार तरी निघेल म्हणालो, तर बापू आडवे आले. "आज कुनाच्याच मानंवर भार न्हाई. हिच्या बी न्हाई." दाजींचीही हिंमत झाली नाही. संध्याकाळी मोटारीच्या दिव्यांना बैलांच्या शिंगांसारखा लाल हिंगूळ लागला, नाकावर बाशिंग चढलं आणि झाकणावर बापूंच्या हाताचा हळदीचा पिवळाधमक पंजा उमटला. तिच्यापुढे पुरणपोळीचा नैवेद्यही ठेवला गेला. मी हसून हसून बेजार झालो.

सकाळी सहाला निघालो. अक्का मागे, मांडीवर तूप सोडलेल्या पुरणपोळ्यांचा डबा. दाजी चालवत होते, मी शेजारी काट्यांवर नजर ठेवून. गावाबाहेर दोन्ही बाजूंना हळदीचे मळे, कमरेइतके उंच, रुंद पानांचे. पुढे काळी माती, गुडघ्यावर आलेली ज्वारी आणि लांब औंढ्याकडचे निळसर डोंगर. वाट म्हणजे चिखलात उमटलेल्या चाकोऱ्या. हेलकावे खातच आम्ही चार-पाच मैल गेलो असू, तेवढ्यात विजेचा काटा शून्याच्या डावीकडे कलला.

"ते काय दाखवून राहिलं?" दाजींनी विचारलं.

"काटा अडकलाय," मी म्हणालो आणि काचेवर टिचकी मारली. काटा हलला, आणि परत डावीकडेच जाऊन बसला. थोड्या वेळानं उष्णतेचा काटाही वर सरकायला लागला. मी निदान करून मोकळा झालो. पावसाळी हवा, तबकड्यांत ओल शिरलेली. पेट्रोलची तबकडी खोटी तशी याही खोट्या. एक लबाड निघाला की शेजारचे दोघेही लबाड वाटायला लागतात.

मागून अक्का म्हणाली, "तूप जळल्यावानी वास येऊन राहिला."

"डब्यातल्या पोळ्यांचा असेल," मी म्हणालो.

एका बाभळीखाली गाडी थांबवायला लावून मी विजेची तबकडी काढली. तारा सोडल्या तसा काटा बरोबर शून्यावर येऊन थांबला. केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. शहाण्या माणसानं तिथंच ओळखलं असतं की काटा ठणठणीत आहे आणि तो सांगतोय ते ऐकावं. मी मात्र तो सुटा केला, धुतला, तोलून पाहिला, पुन्हा बसवला. यात तासभर गेला. दाजी दर पाच मिनिटांनी सूर्याकडे बघत. अक्का एकदाच म्हणाली, "घाई करू नको. न्हाई झालं तर पुढल्या साली." तिच्या आवाजात इतका समजूतदारपणा होता की मला स्वतःचा राग आला.

तारा जोडून निघालो. काटा पुन्हा डावीकडे. औंढ्याच्या अलीकडे चढ लागला, आणि तिसरा काटा पार टोकाला जाऊन टेकला. त्यापाठोपाठ मोटारीच्या नाकातून वाफेचा फवारा उडाला आणि बाशिंग उडून चिखलात पडलं. गाडी फुरफुरत थांबली. साडेनऊ वाजले होते. देवळाचा कळस लांबून दिसत होता आणि आम्ही रस्त्यावर उभे.

चढाच्या कडेला एक झोपडीवजा घर होतं. त्यातून पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बाहेर आले. नाव करीमचाचा. त्यांची सगळी उमर हिंगोलीच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या यंत्रांचे पट्टे सांभाळण्यात गेली होती. त्यांनी कढत झाकणाला धोतराचा सोगा लावून ते उघडलं आणि वाकून बघितलं.

"पंखा निवांत फिरत होता काय, साब?"

"ते बघितलं नाही," मी म्हणालो. "मी काटे बघत होतो."

"काटे काय सांगत होते?"

मी सांगितलं. वीज भरत नाही, पाणी तापतंय. चाचांनी माझ्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं. "दोन्ही एकच गोष्ट सांगून राहिले की. पट्टा घसरतोय. डायनामो फिरंना, पंप बी फिरंना. त्यांनी बराबर सांगितलं, तुमी ऐकलं न्हाई."

त्यांनी पट्ट्यावर बोट ओढलं. बोट पिवळं झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि चक्रावून गेले. "ये क्या? हल्दी?"

मोटारीत बसल्याबसल्या अक्का हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आवो, परवा सटवाजीबापू माझ्याकडून पावशेर लोणी आन हळद घेऊन गेले. म्हनले, येका बैलाची राहिली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळून शेकतात. बापूंनी मोटारीचीही केली होती. आणि खांदा कोणता, हे दाजींनीच दाखवलं होतं! दाजी आधी लाल झाले, मग रस्त्याच्या कडेला जाऊन बराच वेळ औंढ्याच्या देवळाकडे बघत उभे राहिले.

चाचा कामाला लागले. चुलीतली गार राख आणून त्यांनी पट्टा आणि तो ज्यांवर फिरतो ती चाकं चोळचोळून कोरडी केली. राख भिजली की फेकायची, नवी घ्यायची. मी शर्टाच्या बाह्या सारून त्यांच्या जोडीला बसलो. इतकी वर्षं बोटं कधी काळी होऊ दिली नव्हती, त्या दिवशी कोपरापर्यंत झाली. मग त्यांनी घरातून राळेचा खडा आणून कुटला आणि ती पूड पट्ट्याला लावली. "जिनमध्ये पट्टा घसरला की हाच इलाज." इंजिन निवेपर्यंत पाणी घालू देईनात. एकेक मिनिट मला सोसवत नव्हतं. तेवढ्या वेळात अक्कानं पोळ्या काढल्या आणि पहिली चाचांच्या हातावर ठेवली. हात कुठं आहे ते तिनं त्यांच्या आवाजावरून ओळखलं.

"बाई, आँख बनवायला चालली काय?" चाचा हळूच म्हणाले. "मग जा. अल्ला करो, येताना मला बघशील."

पावणेअकराला दाजींनी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. विजेचा काटा थरथरला आणि शून्य ओलांडून उजवीकडे गेला. मी असा ओरडलो की अक्का दचकली. पुढचे सगळे मैल मी मोठ्यानं सांगत राहिलो, "उजवीकडे आहे! पाणी मधोमध आहे!" आणि ती मागून म्हणत राहिली, "व्हय. व्हय."

कयाधू नदी ओलांडून हिंगोलीत शिरलो तेव्हा माझ्या घड्याळात बाराला दहा कमी होते. दवाखान्याचा कंपाउंडर वही मिटत होता. मी त्या वहीवर काळा हात ठेवला. त्यानं हाताकडे बघितलं, मग अक्काकडे, आणि वही उघडली.

ऑपरेशननंतर अक्काला दहा दिवस पट्टी बांधून निजवलं होतं. मला बसवेना. मी मोटारीखाली शिरलो आणि पेट्रोलच्या तबकडीची तार हातानं चाचपत टाकीपर्यंत गेलो. टाकीजवळ तिचं वेष्टन घासून ती लोखंडाला टेकली होती. तिला मेणकापडाची चिंधी गुंडाळली. वर येऊन बघतो तो काटा खाली उतरलेला, आणि टाकी खरोखरच तळाला गेलेली. म्हणजे ही तबकडीही खोटी नव्हती. तिला जे कळवलं जात होतं तेच बिचारी सांगत होती. घड्याळजी म्हणून मी आयुष्यभर तबकडी उघडायला धावलो, तिच्या मागे काय चाललंय हे क्वचितच बघितलं. अक्काच्या पत्रांतली अक्षरं तीन वर्षं वाकडी होत चालली होती. मला वाटलं, लेखणी खराब असेल.

पट्टी सुटली त्या दिवशी चष्मा अजून मिळायचा होता. सगळं धुरकट, पण रंग दिसत होते. अक्का मोटारीपाशी आली आणि झाकणासमोर थांबली. "हे पिवळं काय?" तिनं वाकून बघितलं आणि त्या पंज्यावर आपला पंजा ठेवला. कितीतरी वेळ उचलला नाही.

परतताना औंढ्याच्या चढावर थांबलो. चाचा बाहेर आले. अक्का त्यांना म्हणाली, "दाढी पांढरी हाय की तुमची!" चाचांनी आभाळाकडे बघून दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

बापूंना सुनावायचं म्हणून दाजींनी दहा दिवस शब्द जुळवून ठेवले होते. कुरुंद्याला पोचलो तर बापू वेशीवरच उभे. कुणीतरी आधीच बातमी दिली असावी. ते मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, बाई. म्या जनावर समजलो."

दाजींनी तोंड उघडायच्या आत अक्का खाली उतरली. त्यांच्याजवळ गेली, अगदी जवळ, आणि त्यांच्या डोक्याकडे बघत राहिली.

"बापू," ती म्हणाली, "तुमचा पटका तांबडा हाय व्हय? तीन सालं मी काळा समजून राहिले होते."

म्हातारा पटका काढून त्यातच तोंड खुपसून रडायला लागला. मी खाली उतरून झाकण उघडलं आणि पट्टा कोरडा आहे ना ते हात लावून बघितलं.