दवाखान्यामागची गिधाडं

गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते शेणासारखे चपलेला चिकटून घरी येतात! मी तारनाक्याच्या पुढे अशाच एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचे डॉक्टर जाधव मूळचे परभणीकडचे. मागच्या माळावर मेलेली जनावरं टाकत, त्यामुळे तिथल्या चिंचेवर कायम गिधाडं.

*

डॉक्टरांची एक सवय होती. जनावराला हात लावण्याआधी त्याच्यापुढे दोन्ही रिकामे तळवे धरायचे. "आधी ओळख, मग सुई," म्हणायचे. सुई मात्र माझ्याकडे, पाठीमागे लपवलेली! जनावरं विश्वास डॉक्टरांवर ठेवायची आणि लाथ मला मारायची.

*

यादगिरी दूधवाला एकदा आजारी म्हैस घेऊन आला. वर बघतो तर आठ-दहा गिधाडं! म्हणाला, "डाक्टर साब, इलाज शुरू नै हुआ, इनो पैलेच आके बैठ गये! इनकू तुमपे भरोसा नै क्या?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अपना स्टाफ है. टायमपे आता."

*

मग केबल टीव्ही आला. शेजारच्या गच्चीवर मोठी छत्री लागली आणि गिधाडांना नवी बैठक मिळाली. मॅचच्या दिवशी केबलवाला तणतणत आला, "तुम्हारे गिधां छतरी हिला रै, पब्लिक मेरेकू गाल्यां दे री!"

"अर्जी लिखके दे," डॉक्टर म्हणाले, "पढके सुनाता उनकू."

*

त्याच सुमारास टाय लावलेला एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह नवं इंजेक्शन घेऊन आला, डायक्लोफेनॅक. स्वस्त आणि जालीम. यादगिरीची बसलेली म्हैस संध्याकाळी उठून चारा खायला लागली! मग काय, जो तो तीच 'जादू की सुई' मागायचा.

काही वर्षांत चिंच रिकामी होत गेली, माळावर कुत्री वाढली. चिक्कडपल्लीत आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तेव्हा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेली होती. यादगिरी चिंचेकडे बघून म्हणाला, "इनकू भी वीसा मिल गया!" आम्ही पोट धरून हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

*

एका सकाळी शेवटचं गिधाड चिंचेखाली बसलेलं सापडलं. मान खाली लोंबत होती. डॉक्टर त्याच्यासमोर उकिडवे बसले, तळवे दाखवले आणि मला म्हणाले, "दुखतंय रे त्याला. ते चांगलं इंजेक्शन भर." मी भरलं. दुसऱ्या दिवशी ते मेलं.

पुढे पेपरात आलं की हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. डॉक्टरांनी बातमी दोनदा वाचली. "आपण त्याला तेच दिलं," एवढंच म्हणाले.

*

रिटायर झाल्यावर डॉक्टर दर रविवारी प्राणिसंग्रहालयात जायचे. तिथे गिधाडं पाळली होती, पिल्लं व्हावीत म्हणून. मांसाची बादली दिसली की रखवालदाराला विचारायचे, "इस जानवर कू सुई तो नै लगी थी ना?" शेवटी तो वैतागला, "डाक्टर साब, पैले मैं खाके दिखाऊं क्या?"

एका रविवारी मला सोबत नेलं. जाळीजवळ एक म्हातारं गिधाड बसलं होतं. डॉक्टरांनी त्याच्यापुढे दोन्ही तळवे धरले. ते बघत राहिलं. बंद व्हायची घंटा झाली तरी डॉक्टरांचे हात खाली येईनात. मी मागे उभा होतो.

मान न वळवता ते म्हणाले, "तूही दाखव."