उत्कर्षाचं गाणं आणि राणीचं गाणं

पलूसच्या नानासो फौजींची उत्कर्षा एसटीत कंडक्टर झाली, तेव्हा गावात कुणाला नवल वाटलं नाही. उसाच्या ह्या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या माणसाला हाक मारावी तर तिनेच. सांगली-आष्टा गाडीवर तिची ड्यूटी असायची. कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका, दारात लोंबकळणारे बाप्ये, आणि ह्या सगळ्यांतून वाट काढणारी उत्कर्षा, गळ्यात तिकिटाचं मशीन. दिवसभर ओरडून तिच्या ओरडण्यालाच ताल आला होता.

रॅपचं वेड तिला कॉलेजपासूनचं. शहरातली पोरं आपल्या गल्लीचं, आपल्याच भाषेत, कुणाची परवानगी न काढता सांगतात, हे तिला फार आवडायचं. "त्यांची गल्ली, तशी माझी गाडी," ती म्हणायची. गाडीत जे रोज बघायची, त्याचंच तिने गाणं केलं.

सरका पुढं, सरका पुढं, दार हाय हे, घर न्हवं तुमचं,
तिकीट काढा, नजर काढा, अंग न्हवं हे बाक तुमचं.
तिकीट तिचं अर्धं म्हणून जागा बी का अर्धी?
पाय पसरून बसलायसा, ही तुमची का गादी?

आष्ट्यात तिचा कॉलेजातला मित्र सिद्धू लग्नांचे व्हिडिओ करायचा. त्याने गाडीच्या घंटीचा आवाज घेतला, दरवाजा आपटल्याचा घेतला, आणि त्यावर तिचं गाणं बसवलं. व्हिडिओत काही नव्हतं. युनिफॉर्ममधली उत्कर्षा शेताच्या कडेला उभी राहून, कॅमेऱ्याकडे रोखून बघत बोलते, एवढंच. पण कॉलेजच्या मुलींनी ते उचललं. गाडीत कुणी अंगचटीला आला की मागच्या बाकावरून चारपाच जणी एकदम म्हणायच्या, "नजर काढाss!" आणि तो बाप्या पुढच्या थांब्यावर मुकाट उतरायचा. नानासो पारावर बसून लोकांना मोबाइल दाखवायचे. "पोरगी खरं तेच बोललीया," म्हणायचे.

मग पुण्याच्या एका म्युझिक कंपनीतून ऋषिराज नावाचा माणूस आला. सांगलीतच, विश्रामबागेतल्या एका कॅफेत तो उत्कर्षाला आणि सिद्धूला भेटला.

"मॅडम, एकदम रॉ आहे. एकदम मातीतलं. आम्हाला हेच पाहिजे, ह्यातलं काहीही बदलायचं नाही," तो म्हणाला. आणि कॉफी यायच्या आत त्याने बदल सांगायला सुरुवात केली. उत्कर्षा हे नाव चालणार नाही, जड आहे. राणी ठेवू. कंडक्टर राणी.

"नाव बदलायची काय गरज हाय?" उत्कर्षाने विचारलं.

"ब्रँड, मॅडम. नावात ब्रँड असतो."

तिचं मन तिथेच खट्टू झालं होतं. पण सिद्धूचे डोळे चमकले होते. मोठ्या स्टुडिओत काम करायचं त्याचं किती वर्षांचं स्वप्न, आणि खरं सांगायचं तर तिलाही आपलं गाणं सांगलीबाहेर जावंसं वाटत होतंच. दोघांनी करारावर सह्या केल्या.

पुण्याच्या स्टुडिओत तिच्याकडून आधी मूळ गाणं दहा तऱ्हांनी म्हणून घेतलं. मध्येच ऋषिराजने थांबवलं. "मॅडम, 'न्हवं' थोडं कमी गावठी वाटतंय. जरा अजून गावाकडचं बोला ना."

"आवं, मी गावाकडचीच हाय. आमी असंच बोलतोय."

"हो, पण ऐकणाऱ्याला ते वाटलं पाहिजे. प्रत्येक ओळीत एक 'लय' टाका."

"प्रत्येक ओळीत 'लय' आमच्या म्हशीला बी सुचत न्हाई," उत्कर्षा म्हणाली. स्टुडिओतले सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, हे पण रेकॉर्ड करा, भारी आहे.

दुपारी तिच्या हातात नव्या ओळी दिल्या. 'नजर काढा'च्या जागी 'नजर लावा', आणि 'अंग न्हवं हे बाक तुमचं'च्या जागी 'अंगाला अंग लागू द्या'. तिने कागद टेबलावर ठेवला आणि सरळ सांगितलं, हे मी म्हणणार नाही. ऋषिराजने वाद घातला नाही. "काही हरकत नाही मॅडम," म्हणाला आणि चहा मागवला. तो इतका गोड कसा झाला, हे तिला परतीच्या गाडीतही कळलं नाही.

गाणं बाहेर आलं तेव्हा कळलं. व्हिडिओत तोकड्या खाकी कपड्यातली कुणी नाचणारी होती, मागे बस होती, बसवर फुलं होती. आणि 'अंगाला अंग लागू द्या' हे उत्कर्षाच्या आवाजात होतं. तिने ते शब्द जन्मात उच्चारले नव्हते. तिने ऋषिराजला फोन लावला.

"एआयने केलं, मॅडम. तुमच्या रेकॉर्डिंगवरून. आवाजाचे हक्क करारात आहेत. आणि खरं सांगू? फील एकदम ऑथेंटिक आलाय."

ती घरी आली तर नानासो अंगणात मान खाली घालून बसले होते. तिने सगळं समजावून सांगितलं. कंप्युटर, करार, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पर बाळ, आवाज तुजाच हाय की."

"आवाज माजा हाय, बोलली मी न्हाई!"

"ते कसं?"

आता हे कसं समजावायचं? तिने पुन्हा सांगितलं, मग आईला सांगितलं, मग शेजारच्या साळूबाईला सांगितलं. साळूबाई म्हणाली, "असू दे गं, गाणं लय गाजतंय न्हवं?"

गाजतच होतं. वराती, जत्रा, हळदी, सगळीकडे तेच. सिद्धूसुद्धा लग्नाच्या व्हिडिओला तेच लावू लागला. तिने जाब विचारला तर म्हणाला, "गिऱ्हाईक मागतंय गड्या. मी न्हाई लावलं तर दुसरा लावंल." त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं.

तिने आपलं जुनं गाणं पुन्हा इंटरनेटवर टाकलं, शेताच्या कडेचं, घंटीवालं. ते दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं गेलं. खाली सूचना होती, की हे दुसऱ्याच्या गाण्याची नक्कल आहे. तिचंच गाणं तिच्याच गाण्याची नक्कल! तक्रार कुठे करायची ते शोधण्यात तिच्या दोन सुट्ट्या गेल्या, आणि उत्तर आलं तेही मशीनचंच.

आणि मग तो दिवस आला. सकाळची गाडी, खच्चून गर्दी. तुंगच्या अलीकडे एक मध्यमवयीन माणूस, चांगला इस्त्रीचा शर्ट, तिला मागून रेलून उभा राहिला. तिने वळून सांगितलं, "सरका तिकडं." तो हसला. "आवं, तुमीच म्हणलासा की. अंगाला अंग लागू द्या."

आजूबाजूचे हसले. उत्कर्षाने घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. "उतरा," ती म्हणाली. तो बडबडला, तिकीट काढलंय म्हणाला. ती हलली नाही. ड्रायव्हर केबिनमधून बाहेर आला तेव्हा तो उतरला.

गाडी तशीच उभी होती, आणि उत्कर्षाने त्या सगळ्यांसमोर, तालाशिवाय, बाजाराची यादी वाचावी तसं आपलं मूळ गाणं म्हणून दाखवलं. शेवटी म्हणाली, "हे माजं हाय. ते माजं न्हाई."

मग मांडीवर पिशवी घेऊन बसलेली एक बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "हे बी बरं हाय गं. पर त्यावर नाचाया येतंय."

उत्कर्षाने कपाळावर हात मारला आणि डबल घंटी दिली.

पुढे तिने सांगलीत वकील गाठला, कंपनीला नोटीस पाठवली. बऱ्याच खटपटीनंतर कंपनीने तिचा आवाज काढला आणि दुसऱ्या कुठल्या मुलीच्या आवाजात तेच गाणं पुन्हा आणलं. ते आणखी गाजलं. फरक कुणालाच कळला नाही. गाडीत अजूनही लोक विचारतात, राणी तुम्हीच ना? ऋषिराजने तर पार्ट टूसाठी फोन केला होता, लाज नावाची गोष्ट नाही!

गेल्या हिवाळ्यात पलूसच्या कॉलेजच्या गॅदरिंगला तिला बोलावलं. स्टेजवर चढताच पोरं ओरडायला लागली, "लागू द्या, लागू द्या!" ती म्हणाली, "ते गाणं माजं न्हाई, ते मी म्हणणार न्हाई. नवीन लिवलंय, ऐकायचं असंल तर बसा." शिट्ट्या झाल्या. माइकने कर्कश आवाज केला. मागच्या रांगा उठून जायला लागल्या, तर तिने माइक खाली ठेवला आणि तशीच सुरू झाली. उसाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा तो आवाज, त्याला माइक लागतच नव्हता.

नवीन गाणं आवाज चोरणाऱ्यांवर होतं. जरा लांबलं होतं, दोनतीन ओळी अडखळल्याही. जाणारे गेले. पुढे बसलेल्या मुली मात्र हलल्या नाहीत, आणि तिसऱ्या कडव्याला त्यांच्यातल्या एकीने बाकावर ठेका धरला.