चाखलेल्याचा डबा

शेजारच्या खोलीतल्या सिस्टरांचे उपकार आधी सांगतो, काय झालं ते मग. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. लिहायला बसलो की मुद्द्याचं राहून जातं नि भलतंच लिहून होतं, म्हणून त्यांना पहिल्याच ओळीत बसवून ठेवतो.

मोरिवलीकडच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. निवृत्त होऊन अंबरनाथ पूर्वेला आमच्या चाळीत राहायला आल्या, तेव्हापासून सगळ्यांच्या सिस्टर. मी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठकडे मिठाईचा कारागीर. माझं गाव तिकडं माणदेशात. आई एकटी तिथं.

शेठकडे एक रीत होती. नवा माणूस कामाला लागला की पहिले आठ दिवस त्याला सूट. "खा ले, जितना खाना है!" आठ दिवसांत मन उडतं आणि मग जन्मभर माणूस पेढ्याकडे बघत नाही. सगळ्यांचं उडालं. माझं उडालं नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मी आलो तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. पाच-सहा वर्षांनी गोदामातल्या साखरेच्या काट्यावर उभा राहिलो, तर शंभर किलोच्या पोत्याला पाचच किलो कमी. बाकीचे कारागीर हसले. शेठ म्हणाला, "गिराक समझते हैं सेठ तू है, मैं तेरा नौकर!" मीही हसलो. पण पाय सुजायला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं, असंच वाढत राहिलास तर वर्षभरात भट्टीपुढं उभं राहायचं विसर. उभं राहणं सोडून मला दुसरं काही येत नव्हतं. बसून करायची कामं शिकलेल्या माणसांची. त्या धास्तीनं मी दोन दिवस आणखीच खाल्लं.

जिन्यात धापा टाकताना सिस्टरांनी मला पाहिलं. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं तक्ता लिहून दिला. भाकरी इतक्या कॅलरी, वाटीभर भात इतक्या, पेढा इतक्या. "दिवसाला पंधराशेच्या वर जायचं नाही. जे खाशील ते वहीत लिही." कॅलरी म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण बेरीज येत होती. महिनाभर प्रामाणिकपणे लिहिलं. काट्यावर चढलो तर एक किलो जास्त!

"खोटं लिहितोस?" सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आईशपथ नाही, सिस्टर."

"भट्टीजवळ तोंड चालू असतं का रे?"

"ते खाणं थोडंच आहे? चव बघितल्याशिवाय माल बाहेर जात नाही आमच्याकडं."

हे मी अगदी खरं म्हणून सांगितलं. आमच्या धंद्यात पाकाची तार बोटावर बघायची, बोट चाटायचं. खव्याची गोळी जिभेवर ठेवायची. बुंदीचे चार दाणे, शेवेची चिमूट. ताटावर बसून खातात ते जेवण, उभ्यानं तोंडात जातं ते काम. कुठलाच कारागीर त्याला खाणं म्हणत नाही.

सिस्टरांनी झाकणाचा एक स्टीलचा डबा आणून दिला. "उद्या जेवढं तोंडात टाकशील, तेवढंच आणखी घेऊन ह्यात टाक. संध्याकाळी मला दाखव."

संध्याकाळी झाकण दाबून बसवावं लागलं. त्यांनी डबा परातीत उपडा केला. बर्फीचे तुकडे, खवा, बुंदी, शेव, गाठींचा चुरा. त्या बोटानं एकेक बाजूला करत तक्त्यात बघत राहिल्या. मला मात्र परातीकडं बघवेना. एवढं आमच्या घरात कधी आलं असतं तर आईनं आठ दिवस पुरवून वाटलं असतं.

"चौदाशे," सिस्टर म्हणाल्या. "आणि वहीत आजचं जेवण वेगळं."

त्या दिवसापासून एका घाण्याला एकदाच चव, नखाएवढी, आणि तीही वहीत. मग खरी भूक लागायला लागली. चारच्या सुमाराला, तूप तापलं की. पोटात पीळ पडायचा.

"भूक लागली की नेमकं काय होतं तुला?" त्यांनी विचारलं.

"भीती वाटते."

"कसली?"

मग सांगितलं. दुष्काळाच्या वर्षी आई आम्हाला दिवस मावळायच्या आत झोपवायची, म्हणजे रात्रीचं जेवण कुणी मागत नसे. अजून मला दिवस कलताना पोट रिकामं ठेवता येत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "ताप चढतो तसा उतरतो की नाही? भुकेचंही तसंच. अर्धा तास काढ. मरत नाहीस, बाबा. त्या अर्ध्या तासात आईला पत्र लिही. कधी लिहिलंस शेवटचं?"

आठवेना.

पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला. चार वाजले की पाण्याच्या टाकीमागं पाटावर बसायचो. शेळी व्याली का, दारातल्या लिंबाची फांदी पडली होती ती तोडली का, चूल नवी घातलीस का. भुकेचं एक अक्षर लिहीत नव्हतो. कार्ड भरेपर्यंत पीळ उतरलेला असायचा आणि त्याच्या जागी दुसरंच काही चढलेलं असायचं. इतकी वर्षं मी त्याच्यावरच बर्फी टाकत होतो की काय, असं मनात येई. भूक उतरायची; ते उतरायचं नाही. घमेल्यातला खवा समोर, आणि मला आईच्या तव्यावरची भाकरी फुगताना दिसायची.

शेजारच्या पोरीकडून लिहवून घेतलेलं आईचं उत्तर आलं: "सारखी पत्रं येत्यात. काय झालंय ते खरं सांग."

वर्षभरानं काट्यावर पोत्याला पंचवीस किलो कमी भरलो, म्हणजे पंचाहत्तर. लगीनसराई संपल्यावर रजा घेऊन गावी गेलो. आईनं आधी मनगट धरलं. "तिकडं खायला घालीत न्हाईत व्हय रं तुला?" दोन भाकरी झाल्या. तिनं तिसरी तव्यावरनं थेट ताटावर धरली. माझ्या डोक्यात बेरीज झाली होती. तिचा हात तसाच, आणि माझं पोट घाबरलेलं नव्हतं.

"आई, आता मला भुकंचं भ्या वाटत न्हाई," मी म्हणालो.

तिनं ती भाकरी मधोमध मोडली, अर्धी माझ्या ताटात टाकली, अर्धी स्वतः घेतली आणि माझ्यासमोर बसून खाल्ली. "कुणी शिकवलं?"

"सिस्टरांनी."

"मग तिला आण की. माझ्या हातची खाऊ दे."

त्याला आता दहा वर्षं व्हायला आली. सिस्टर बदलापूरला भाचीकडं राहतात. मी जातो तेव्हा तो डबा घेऊन जातो, त्यात मोजून दोन पेढे; एक त्यांचा, एक माझा. गावाचं काढलं की गुडघ्यांवर हात ठेवतात. "एस्टीची पायरी चढवत नाही रे मला. उचलून न्यावं लागेल."

सिस्टर, मी अजून भट्टीपुढं उभा आहे, माझे पाय धड आहेत. आईच्या हातांत भाकरी थापण्याचं बळ आहे तोवर तुम्हाला तिच्या चुलीपुढं नेऊन बसवीन. उचलून न्यावं लागलं, तर उचलून.