फिटरआप्पांचा तळहात

कशालाही आधी तळहात लावायचे आप्पा. चहाच्या ग्लासाला, पाण्याच्या मोटरीला, उभ्या रिक्षाच्या पत्र्याला. मी पहिल्यांदा कामगार संघटनेचं पत्रक दिलं तेव्हा त्यावरही तळहात ठेवला आणि म्हणाले, "कागद चांगला शे."

"अहो, वाचा तरी आप्पा!"

"हात लाया की समजस," ते म्हणाले. हात लावला की कळतं. हे त्यांचं पालुपद होतं. मला राग आला. मला तेव्हा सगळ्याचाच राग यायचा.

लिंबायतमधल्या एका पॉवरलूम कारखान्यात ते फिटर होते. माग बिघडला की त्यांना हाक. ते मागावर वाकायचे, कान लोखंडाजवळ न्यायचे, डोळे मिटायचे, डावा तळहात फ्रेमवर टेकवायचे. मग एखादा नट दाखवायचे आणि दोष तिथेच सापडायचा. शेठ पाहुण्यांना गुजरातीत सांगायचा, "मारा फिटरना कान जुओ!" सगळे कानाकडे बघायचे. तळहाताकडे कोणीच नाही.

मला कळलं ते चहाच्या लारीवर, हातगाडीपाशी. मी मागून तीनदा हाक मारली. चौथ्यांदा खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले.

"तोंड दखाडीसन बोल, पोरी."

तुम्ही त्या भागात उभे राहिला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल. मागवाले बाहेर आले तरी समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलतात. आत कानठळ्या बसवणारा खडखडाट, म्हणून सगळे ओठ वाचायला शिकतात. त्या गर्दीत एक माणूस पूर्ण बहिरा झाला तर कसं ओळखणार? आप्पा कित्येक वर्षं असे लपलेले होते. उघड्यावर.

मी लगेच पत्रकाचा मथळा तयार केला. यंत्राने कान खाल्ला, मालकाने नफा. नुकसानभरपाई द्या. फक्त नाव हवं होतं, एका खऱ्या माणसाचं.

"मन्हं नाव नको लिखू," आप्पा म्हणाले. "शेठ कानना पैसा देस. कान गया की फिटर गया."

"पण तुम्ही कानाने दुरुस्ती करतच नाही!"

"हाई त्याले कोण सांगी?"

मी नाव लिहिलं नाही. कानतपासणीचं शिबिर मात्र भरवायचं ठरलं. नुसत्या शिबिराला कोण येतो? म्हणून सोबत सिनेमा ठेवला. एका जुन्या, गाजलेल्या नाटकावरचा नवा सिनेमा. आमचे लोक त्याला नावाड्याचं नाटक म्हणतात. नवागामच्या मंडळात ते दरवर्षी व्हायचं. पाटलाला पैलतीरी न्यायला नकार देणारा नावाडी, आणि तिसऱ्या अंकात त्याचं घसा फोडून केलेलं भाषण.

मला सिनेमा आवडलेला नव्हता. भाषण निम्मं कापलेलं, उरलेलं नावाडी कुजबुजत बोलतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. मी आप्पांना म्हटलं, "नाटकाचे दात काढलेत हो. तिथे शिट्ट्या पडायच्या, इथे पॉपकॉर्न खातील."

"नाटकमा माले नुसता हात दिसेत," आप्पा म्हणाले. "लोक टाळ्या पिटेत, मी बी पिटू."

पडदा हवा होता. शेठने ग्रे कापडाचा तागा दिला, छपाईला न गेलेलं पांढरं कापड, आप्पांच्याच मागांवर निघालेलं. कापड त्याचं, म्हणून पहिल्या रांगेत खुर्चीही त्याला. त्याच्या मागेच आप्पा बसले. मी भिंतीशी, हातात पत्रकांचा गठ्ठा.

सुट्टीची दुपार होती. कानतपासणी सिनेमानंतर होती. हॉलची दारं लावली. पहिलाच क्लोजअप आला आणि आप्पा मोठ्याने म्हणाले, "एवढं मोठं तोंड!" पोरं हसली. आप्पांना त्याचं काही नव्हतं. घराच्या भिंतीएवढे ओठ हलत होते आणि ते एकेक शब्द वाचत होते. मंडळाच्या मागच्या रांगेतून जे कधी पोचलं नाही ते आता सगळं येत होतं. मी सिनेमा पाहायचा सोडून त्यांनाच पाहत राहिले.

मध्यंतरानंतर आवाज गेला. स्पीकरची वायर निसटली होती. नावाडी आणि पाटलाची बायको यांचं भांडण चालू होतं, विनोदी. पोरांनी कालवा केला, "आवाज! अल्या, आवाज!" ऑपरेटरने हातानेच थांबा म्हटलं. हॉल गप्प झाला.

त्या शांततेत आप्पा खदखदून हसले. मांडीवर थाप मारली आणि शेजाऱ्याला म्हणाले, "आयकं का? काय बोलना तो!"

आधी पोरं हसली. मग कोणीच हसलं नाही.

शेठ खुर्चीत वळला. "अरे, आ तो बहेरो छे!"

आप्पांना दिसलं की पडदा सोडून सगळे चेहरे त्यांच्याकडे आहेत. ते उठले. भिंतीजवळच्या स्पीकरपाशी गेले. त्यावर तळहात ठेवला.

"बंद शे," ते म्हणाले.

मग परत जागेवर जाऊन बसले आणि सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. वायर लागली होती, तरी तो कुजबुजीचा भाग आला तेव्हा मागून बायका म्हणाल्या, काही ऐकू येत नाही बाई. आप्पांचे ओठ नावाड्याबरोबर हलत होते.

त्याच आठवड्यात त्यांना काढलं. मी शेठकडे गेले. सांगितलं की हा माणूस हाताने माग ओळखतो, एक बिघडवा आणि बोलवा, बघा. शेठ शांतपणे म्हणाला, "बेन, एणे मने छेतर्यो." याने मला फसवलं. कान कोणाच्या कारखान्यात गेला, हे मी विचारलं. त्याने चहा मागवला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. चहा प्यायले.

आप्पा लेकीकडे निघून गेले, धुळ्याकडे. जाताना म्हणाले, "आते लिख नाव." आता लिही. मी पत्रक छापलं. त्यात त्यांचं नाव आहे, वय आहे, कारखाना आहे. वाटलं. लोकांनी घडी करून खिशात ठेवलं. काही झालं नाही.

परवा भेस्तानला तोच सिनेमा लावला. तोच पडदा. त्याच भांडणात तीच वायर पुन्हा निसटली. पुढच्या पोरांनी ओरडायला सुरुवात केली. वायर माझ्या पायाशीच होती. मी वाकणार, एवढ्यात मागे लक्ष गेलं.

मागच्या रांगांमधले चाळिशी-पन्नाशीचे मागवाले पडद्याकडे बघून हसत होते. ओरडणाऱ्या पोरांकडे, स्पीकरकडे, कशाकडेच त्यांनी मान वळवली नाही. एक हसला, त्याच्या पलीकडचा हसला, मग पूर्ण रांग.

मी वाकले आणि वायर लावली. आवाज आला. मागे कोणालाच कळलं नाही.