हिरव्यात ओतलेलं तांबडं

इंजिन गार ठेवणारं कूलंट बदलायला या मिस्त्रीकडे गाडी आणली, की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. दुसरीकडे हेच काम तासाभरात उरकतं. हा आधी गाडी पूर्ण गार होऊ देतो. मग कोणतं कूलंट चालतं ते बघायला गाडीसोबत मिळालेलं पुस्तक मागतो, आणि ते घरी राहिलं असेल तर गिऱ्हाइकाला आणायला पिटाळतो. रेडिएटरखालचा बोल्ट सैल करून जुनं कूलंट घमेल्यात उतरवतो, शुद्ध पाणी भरून इंजिन चालवतो, ते गार झालं की पाणी पुन्हा उतरवतो. घमेल्यात नितळ पाणी येईपर्यंत हेच चालू. शेजारचा टायरवाला म्हणतो, पोटच्या पोरांना तरी एवढी अंघोळ घातली होतीस का रे. मिस्त्री हसण्यावारी नेतो. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका मास्तरांची जुनी गाडी आली होती. टाकीतलं हिरवं कूलंट थोडं कमी झालं होतं. हिरव्याचा डबा संपलेला, दुकानापर्यंत जायचा कंटाळा, आणि फळीवर तांबडं पडलेलं. त्याने तेच ओतलं. मास्तरांचे वडील स्टुलावर बसून बघत होते. रंग वेगळा दिसतोय, असं ते म्हणालेसुद्धा.

"इंजिन गार राहिल्याशी मतलब, आजोबा," मिस्त्री म्हणाला. "रंग घेऊन काय करायचंय?"

म्हातारा हसला.

तीन आठवड्यांनी ती गाडी दोरीला बांधून परत आली. म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं म्हणून मास्तर त्यांना दवाखान्यात नेत होते. अर्ध्या वाटेत वाफेचा लोट उठला आणि इंजिन जाम झालं. दुसरी गाडी मिळेपर्यंत म्हातारा गेला होता. मिस्त्रीने टाकीचं झाकण उघडलं, तर आत तपकिरी, लिबलिबीत गाळ. दोन जातींची कूलंटं एकमेकांत फाटली होती आणि रेडिएटरच्या नळ्या तुंबल्या होत्या. त्याने तो गाळ हाताने खरवडून काढला, सगळं धुऊन टाकलं आणि मास्तरांना सांगितलं, गाडी जुनी झाली होती. मास्तरांनी मान डोलावली.

तेव्हापासून म्हातारा काही त्याची पाठ सोडत नाही. ते स्टूल मिस्त्रीने त्याच आठवड्यात भंगारात दिलं, तरी कूलंट ओतताना पाठीमागे कोणीतरी बसलंय असं वाटतंच. चहावर साय धरली की तो कप बाजूला सारतो. कोपरापर्यंत साबण लावला तरी हाताला येणारा कूलंटचा गोडसर वास जात नाही. भुताखेतांवर त्याचा विश्वास नाही. असता तर बरं झालं असतं, एखादा तोडगा तरी करता आला असता.

गेल्या महिन्यात मास्तर नवी गाडी घेऊन आले. कूलंट तुम्हीच बदला, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही, असं म्हणाले. मिस्त्रीने पुस्तक मागून घेतलं, गाडी गार होऊ दिली. मग त्याने बोल्ट सैल केला. घमेल्यात गुलाबी कूलंट उतरू लागलं. मास्तर वाकून बघत होते.

"रंग वेगळा दिसतोय," ते म्हणाले.

थेट बापाचा आवाज. मिस्त्री होता तिथेच खाली बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. हिरवं, तांबडं, तो गाळ, आणि मारलेली थाप.

शिव्या, पोलीस, कानाखाली, मिस्त्रीने मनाशी सगळं धरून ठेवलं होतं.

"त्या दिवशी निघताना मी रेडिएटरचं पाणी बघितलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, त्यामुळेच गाडी तापली. आईलाही मी तेच सांगितलं."

तुमचा काडीचाही दोष नव्हता, मिस्त्री म्हणाला. मी स्वतः येतो, आईंच्या पायावर डोकं ठेवतो, त्यांना खरं काय ते सांगतो.

"आई मागच्या वर्षी गेली. दहा वर्षं एका घरात राहून ती माझ्याशी बोलली नाही."

गाडीत कूलंटचा थेंब नव्हता, त्यामुळे मास्तरांना निघून जाताही येईना. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मिस्त्रीने पुस्तक उघडलं, त्यात लिहिलेलं दोनदा वाचलं आणि शुद्ध पाणी भरायला घेतलं.