दोन माणसांची पेट्रोल करवत

पहिली करवत मी घरी आणली तेव्हा बायकोला वाटलं, मी कुणाची तरी मोडकी मोटरसायकल उचलून आणली. तिची काही चूक नव्हती. एका बाजूला इंजिनाचं धूड, त्याला दोन मुठी, पुढे तीन फुटांचं लोखंडी पातं, पात्याभोवती गंजून कडक झालेली दातांची साखळी आणि पात्याच्या पार शेवटी आणखी एक मूठ. ही करवत दोन माणसांची. एकाने इंजिन धरायचं, दुसऱ्याने टोकाची मूठ. लष्करी भंगारातून ती नाशकात भद्रकालीतल्या एका भंगारवाल्याकडे आली होती आणि तो तिला पाणी उपसायचा पंप समजून बसला होता. मीही त्याला पंपच म्हणू दिलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि कामगार वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. सुट्टीच्या दिवशी लोक गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, फिरायला जात, पत्ते कुटत. मी मोरीत बसून रॉकेलमध्ये स्क्रू भिजवायचो. पुढे दहा वर्षांत माझ्याकडे अशा पाच जुन्या करवती झाल्या. वखारीतून टाकून दिलेली एक, इगतपुरीकडच्या जंगल ठेकेदाराच्या गोठ्यात सापडलेली एक. पाचही चालू केल्या, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. पण छाती फुगायला लागली ती पहिलीपासून.

त्या करवतीचा मला नाद लागला त्याला कारण माझे वडील. ते पंचवटीतल्या एका लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर होते. ओंडका उंच घोडीवर चढवायचा, एक माणूस वर उभा, एक खाली, आणि दोघांनी मिळून दिवसभर करवत ओढायची. वडील वर असत. खाली त्यांचा जोडीदार. अठ्ठावीस वर्षं दोघांनी एकाच करवतीची दोन टोकं धरली. खालच्याच्या तोंडावर सारखा भुसा पडायचा, त्यामुळे बोलणं नसेच. सुरू करायच्या आधी वडील पात्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत, म्हणजे तयार. खालून दोनदा टकटक आली की करवत हलायची.

मग वखारीत विजेवरची करवत आली आणि दोघं घरी बसले. दोन वर्षांत जोडीदार वारला. वडील आमच्याकडे राहायला आले ते एक लोखंडी पेटी घेऊन, पेटीत कानशी. पेटी त्यांनी कधी उघडली नाही. खुर्ची दारात टाकून बसायचे. एकदा मी सहज म्हणालो, "नाना, चला, आपण दोघं जाऊन एखादं लाकूड कापून येऊ." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झालो. "जोडीदार असा व्हत नाय," एवढंच म्हणाले.

म्हणून ती दोन माणसांची करवत पाहिल्यावर माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. हे यंत्र चालू करायचं आणि त्या टोकाची मूठ नानांच्या हातात द्यायची. मला दुसरं काही नको होतं.

इंजिनाने माझा दीड वर्ष अंत पाहिला. पिस्टनची रिंग मोटरसायकलीची घेऊन घासून बसवली. ठिणगीचे पॉइंट नखाएवढ्या पॉलिश पेपरने साफ केले. सुरू करायला दोरी गुंडाळून ओढावी लागे, त्यासाठी मी पाळण्याची दोरी कापली आणि त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. ज्या दिवशी ते पहिल्यांदा फुरफुरलं त्या दिवशी शेजारच्या तीन घरांतली मुलं रडत उठली आणि मी मोरीत एकटा नाचलो. वडील दारातून वळलेसुद्धा नाहीत. यंत्र म्हणजे त्यांच्या लेखी पोटावर पाय देणारी वस्तू.

आणि एके दिवशी पहिली पाळी करून घरी आलो तर नाना ओट्यावर बसलेले, पेटी उघडी आणि माझी साखळी मांडीवर. कानस चालू. मी उंबऱ्यातच थांबलो. चहाचा कप धरताना त्यांचा हात थरथरायचा, कानस धरल्यावर नाही. एक दात डाव्या अंगाने, पुढचा उजव्या अंगाने, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मी हरखून गेलो. इतका हरखलो की साखळीकडे नीट पाहिलंच नाही.

वैशाखात वळीव झाला आणि वसाहतीच्या मैदानातली जुनी चिंच आडवी झाली. समोर राहणाऱ्या मास्तरांच्या मुलीचं लग्न पुढच्या रविवारी त्याच मैदानात होतं. बुद्धमूर्तीसाठी स्टेज जिथे बांधायचं ठरलं होतं नेमका तिथेच बुंधा पडलेला, एकाच्या कवेत न मावणारा. मास्तरांनी पेठकडच्या लाकूडतोड्यांचा मुकादम बोलावला. आता इथे माझी जीभ वळवळली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मास्तर, माणसं कशाला? माझी करवत आहे ना. अर्ध्या दिवसाचं काम." मास्तर साधे. त्यांनी मुकादमाला परत पाठवलं, आणि तो माणसं घेऊन दुसऱ्या कामावर गेला.

लग्नाच्या आधीच्या रविवारी सगळी वसाहत जमली. दुसरी मूठ धरायला कारखान्यातला एक मित्र आला होता. नानांनी खुर्ची मैदानाच्या कडेला आणवली, ते बघूनच मला चढलं. दोरी ओढली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू, टाळ्या पडल्या. पातं बुंध्यावर टेकवलं. आवाज भरपूर, धूर त्याहून भरपूर. पाच मिनिटांनी पाहिलं तर साल सोलली गेली होती आणि खाली काळपट पिठाची एक चिमूट. पातं इतकं तापलं की मित्राने मूठ सोडून दिली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "फिटरसाहेब, शेकोटीच करायची तर माझ्याकडे काडीपेटी आहे." लोक पोट धरधरून हसले. मास्तर हसले नाहीत, ते मला जास्त लागलं.

घरी येऊन मी साखळीवर पोलादी पट्टी ठेवली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या साखळीत प्रत्येक दाताच्या पुढ्यात एक बुटका उंचवटा असतो. तो दातापेक्षा खाली हवा, तरच मागचा दात लाकडात शिरतो. नानांनी सगळं एका पातळीत आणलं होतं. हाताच्या करवतीची धार अशीच काढतात. आधी सगळी टोकं सपाट कानशीने सारखी करायची, मग एकेक दात धारदार. उंच दात दिसला की त्यांचा हात आपोआप तिकडे जाणार. या साखळीत नेमका उंच दातच कामाचा होता.

माझा स्वभाव तापट, ते मी लपवत नाही. "नाना, तुम्ही साखळीचं वाटोळं केलंत!" मी ओरडलो.

"आरं, दात येका पातळीत नसले तर करवत झटके मारती," ते म्हणाले. "सारी उमर तेच केलं मी."

"ही तुमची वखार नाही."

ते उठले, कानशी पेटीत ठेवल्या, पेटी बंद केली आणि आत गेले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "त्याला सांग, जेवन झालं माझं," असे निरोप सुनेमार्फत यायचे. मला माझीच लाज वाटत होती. दीड वर्ष ज्या पेटीच्या उघडण्याची वाट पाहिली ती मी एका वाक्यात बंद करून टाकली होती.

बरं, उंचवटे घासून खाली करायचे हे कळलं, पण किती? कमी घासले तर पुन्हा पीठ. जास्त घासले तर दात लाकडात रुतणार आणि साखळी तुटणार. तशी दुसरी साखळी सगळ्या नाशकात नव्हती. ना पुस्तक, ना विचारायला माणूस. होता एक, तो बोलत नव्हता.

बुधवारी पाळी सुटून आलो तर नाना खुर्चीत नव्हते. मैदानात चिंचेपाशी उकिडवे बसले होते. चिमटीत ते काळं पीठ घेऊन बोटांनी चोळत होते. मी जवळ गेलो. त्यांनी वर न बघता चिमूट माझ्या तळहातावर ठेवली.

"ह्यो भुसा नाय," ते म्हणाले. "दात आत शिरलाच नाय, वरनं घसरला. तो फुडचा बुटका हाय ना, तो दात नाय. दातानं किती घास घ्यायचा ते त्यो ठरवतो. म्या त्याला दात समजलो."

"नाना, मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं."

"दोघांचं चुकलं. कानस काढ."

मी विचारलं, किती खाली घ्यायचा? त्यांनी बुंध्यावर नख रोवून पाहिलं. "चिंच लय कडक. घास बारीक घ्यायचा." घरी येऊन त्यांनी मास्तरांनी दिलेली लग्नपत्रिका मागितली. पत्रिकेवर बुद्धमूर्तीचं चित्र होतं, ती त्यांनी तेलकट हात न लावता कोनाड्यात ठेवायला सांगितली आणि नुसतं पाकीट घेतलं. पाकिटाची एक घडी घातली, चिमटीत दाबून जाडी पाहिली. आणखी एक घडी घातली. "हां. येवढं." पट्टी दोन दातांवर ठेवायची, खाली उंचवट्यावर ते घडीचं पाकीट अलगद सरकलं पाहिजे, अडकायला नको आणि ढिलंही नको. दोन संध्याकाळी मी साखळी एकेक दात पुढे सरकवत होतो आणि ते घासत होते. बायकोने चहा आणून ठेवला तो दोन्ही दिवस निवून गेला.

शुक्रवारी मी रजा टाकली. मित्राला रजा मिळाली नाही. करवत मैदानात नेली, तेल घातलं, दोरी गुंडाळली आणि उभा राहिलो. इतके दिवस मनात घोळवलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडेना. नाही म्हणाले तर मी पुन्हा विचारू शकणार नव्हतो.

नानांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. धोतराचा काचा मारला. पात्याच्या त्या टोकाला जाऊन मूठ धरली आणि बोटाच्या पेराने पात्यावर दोनदा टकटक केली.

मी दोनदा टकटक केली आणि दोरी ओढली.

काय सांगू! दात टेकले आणि लाकडाने जागा दिली. पीठ नाही, चांगल्या जाड तांबूस कपच्या माझ्या पायांवर, शर्टात, तोंडात. मी ओरडत होतो, काय ते मलाच ऐकू येत नव्हतं. अर्ध्यावर नानांनी हात वर केला. मी थांबलो. बुंधा दबून पातं अडकणार हे त्यांना मुठीत आधीच कळलं होतं. त्यांनी कापात लाकडाची पाचर ठोकली, पुन्हा मूठ धरली, मान हलवली. पहिला ओंडका धप्पकन सुटला तेव्हा बायका भांडी टाकून बाहेर आल्या. शेकोटीवाला गृहस्थ स्वतःहून ओंडके ढकलायला लागला आणि मी त्याला मुद्दाम सर्वांत जड ओंडका दाखवला. दुपारी तीनपर्यंत मैदान मोकळं. मास्तरांनी नानांचे दोन्ही हात हातात घेतले. रविवारी स्टेज ठरल्या जागीच उभं राहिलं.

पण मला आठवतं ते शुक्रवारचंच. ओंडके रचून होत होते तेवढ्यात तो मुकादम आला. अर्धा दिवस सांगितलेलं काम खरंच तेवढ्यात झालं का, ते बघायला आला असावा. ओंडक्याच्या कापावरून त्याने हात फिरवला. सपाट होता. नानांना विचारलं, "बाबा, मशीनवर तुमच्या संगती कोन व्हतं?"

नानांनी उपरण्याने तोंडावरच्या कपच्या झटकल्या आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्यो काय. जोडीदार हाय माझा."

मी त्यांचा मुलगा आहे हे त्यांनी मुकादमाला सांगितलंच नाही. मीही सांगितलं नाही.