भुऱ्याचा उपास

भुऱ्या कुत्र्याने एकादशी धरली, ही बातमी म्हसावद गावभर पसरवली ती पितांबरभाईंनी. पुरावा भक्कम होता. त्या दिवशी गड्यांसाठी केलेली ज्वारीची भाकर त्याने हुंगून सोडली आणि साबुदाण्याची खिचडी मात्र चाटूनपुसून खाल्ली. वर आरतीला ओट्यावर मान तिरपी करून, डोळे अर्धे मिटून बसला. द्वादशीलाही भाकर नाकारली, तेव्हा पितांबरभाई म्हणाले, हा आपल्यापेक्षा कडक निघाला. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या तर त्याच्या पायाही पडून गेल्या.

पितांबरभाईंच्या पत्नी मीनाबाईंना हे पटेना. बाई केळीच्या मळ्यात मजुरांच्या बरोबरीने राबणाऱ्या, बोलणं कमी, बघणं जास्त. आठ वर्षांत या कुत्र्याने प्रसादाशिवाय देवाकडे पाहिलं नव्हतं. एकदा तर पूजेचा नारळच पळवला होता. त्यांनी चार दिवस नजर ठेवली. तो घास एकाच बाजूने चघळायचा, पंजाने गाल घासायचा. मांडीवर डोकं टाकून झोपणारं जनावर, पण तोंडाजवळ हात नेला की सरकायचं.

मीनाबाईंना हे सगळं ओळखीचं होतं. होळीपासून त्या स्वतः दाढेखाली लवंग धरून, भाकर दुधात कुस्करून खात होत्या. घरात कुणी विचारलं नव्हतं. पितांबरभाई एवढंच म्हणाले होते, की आता ही सात्त्विक झाली.

शेवटी आरतीला जमलेल्या चार माणसांदेखत त्या नवऱ्याला मुलाच्या नावाने हाक मारून बोलल्या, "भावेशना बाप, त्याले देव दिसी नई ऱ्हायना. त्यानी दाढ दुखी ऱ्हायनी."

पितांबरभाईंनी ते हसण्यावारी नेलं. तेव्हा मीनाबाईंनी भुऱ्याला गुडघ्यात धरून ओठ वर केला. हिरडी सुजलेली, दाढ तडकलेली. वास असा सुटला की धूप कमी पडला. माणसं आरती अर्ध्यावर टाकून मागे सरली.

शहाद्याला गुरांच्या डॉक्टरांनी भूल देऊन दाढ काढली. पितांबरभाई सारा वेळ दाराबाहेर घाम पुसत होते. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, तुला कसं काय कळलं?

मीनाबाईंनी गालावर हात ठेवला. "तोच उपास मी होळीपासून करी ऱ्हायनी."

पितांबरभाईंनी गाडी घराकडे न नेता दातांच्या दवाखान्याकडे वळवली.

पुढच्या एकादशीला भुऱ्याने आणि मीनाबाईंनी ओट्यावर बसून कडक भाकर खाल्ली. पितांबरभाई उपासाचं नाव न काढता खिचडीचं ताट उचलून आत जाऊन जेवले.